धुऱ्यावरची पऱ्हाटी

सरांच्या शर्टाला दोन खिसे असत. डाव्या खिशात लाल पेन आणि उजव्या खिशात काडेपेटी. सर विडी-सिगारेट ओढत नसत, त्यामुळे काडेपेटीत काड्या नसत. अळ्या असत. कपाशीच्या बोंडातून काढलेल्या, गुलाबी, तांदळाच्या दाण्याहून जराशा मोठ्या. मंगरूळपीरच्या एसटीत एकदा शेजारच्या माणसाने काडी मागितली. सर कसल्याशा विचारात होते, त्यांनी पेटी तशीच पुढे केली. त्या माणसाने ती उघडली, आणि पुढचा थांबा येईपर्यंत सर त्याच्या मांडीवरून, सीटखालून अळ्या वेचत होते आणि म्हणत होते, "चावत नाही, बाप्पा. ते फक्त सरकी खाते. तुमी काय सरकी हाये काय?"

ही गोष्ट मी माझ्या दुकानात बसून निदान शंभर वेळा सांगितली असेल. दर वेळी लोक पोट धरून हसतात. सरांच्या अशा दहा-बारा गोष्टी माझ्याकडे आहेत आणि त्या मी रंगवून सांगतो. एक मात्र इतकी वर्षं कधीच सांगितली नव्हती. आज ती लिहायला बसलो आहे, पण त्याआधी सर कसे होते ते सांगतो. त्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही. आणि खरं बोलायचं तर, ती जितकी पुढे ढकलता येईल तितकं मला बरंच आहे.

आसेगावात माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, औषधं. सर आमच्याच गावचे. मंगरूळपीरच्या ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवायचे आणि रोज एसटीने जायचे-यायचे. अकरावी-बारावीला मी त्यांच्या वर्गात होतो.

पिकात दुसऱ्याचं जनुक कसं घालतात, हा धडा त्यांच्या फार आवडीचा. त्या दिवशी ते वर्गात दारातून येत नसत. व्हरांड्यातून खिडकीवर चढून, खांद्याला झोळी लावून, पाऊल न वाजवता आत उतरत.

"घरात शिरायची कला कोनाले येते?" ते दबक्या आवाजात विचारत.

"चोराले!" आम्ही ओरडायचो.

"बरोबर. मातीत एक जंतू हाये. झाडाले जखम दिसली की तो आत शिरते आन् आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या डीएनएत बसवून देते. मंग झाडाले तिथे गाठ येते, आन् ते गाठ या जंतूचाच खाऊ बनवत बसते. घर झाडाचं, चूल झाडाची, आन् स्वयंपाक चोराचा. शास्त्रज्ञाईनं काय केलं? चोराले मारलं नाही. त्याची झोळी रिकामी केली. गाठ आननारा तुकडा काढला आन् आपल्याले पाहिजे तो ठेवला. म्हने, जाय आता, फोड घर. पन न्यायचं काही नाही. ठेवून यायचं."

असं म्हणून सर झोळीतून खडू काढत आणि कुठल्यातरी मुलीच्या कंपासपेटीत हळूच ठेवून परत खिडकीकडे निघत. एकदा ते असे निम्मे खिडकीत असताना बाहेरून प्राचार्य आले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सर म्हणाले, "जनुक सोडून आलो, सर," आणि बाहेर उतरले.

पण गंमत तिथेच संपत नसे. ते पुन्हा दारातून येऊन उरलेलं नीट शिकवत. हजारो पेशींत तो तुकडा चार-दोन पेशींतच बसतो. बसला की नाही ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्या तुकड्याच्या सोबत आणखी एक जनुक बांधून पाठवतात, विशिष्ट औषधाला न मरण्याचं. मग सगळ्या पेशींवर ते औषध घालायचं. ज्या मेल्या त्यांच्यात काही बसलं नव्हतं. ज्या जगल्या त्यांना बाटलीत गोडसर जेलीवर वाढवायचं, आणि एका पेशीपासून मूळ, खोड, पानं असं आख्खं झाड उभं राहतं. हे शेवटचं वाक्य सांगताना सरांचा आवाज दर वर्षी थोडा कापायचा.

आख्खं झाड बाटलीत उभं करून बघायची त्यांना फार हौस होती. काकूंच्या कुकरमध्ये ते जॅमच्या बाटल्या उकळून घेत, चायना ग्रासची जेली करत, तिच्यावर गाजराचा कोवळा तुकडा ठेवत आणि देवघराशेजारच्या कपाटात बाटल्या ओळीने लावत. दर वेळी बुरशी यायची. काकू म्हणायच्या, "वरन कायच्यात लावू? कुकरात तं यांचं गाजर बसलं हाये." सर प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावत. तारीख, आणि खाली 'बुरशी'. अशा चाळीसेक बाटल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. एकही त्यांनी लपवली नव्हती. घरी आलेल्या पाहुण्याला आधी त्या दाखवत, मग चहा.

याच स्वभावामुळे प्रॅक्टिकलला त्यांचे दोन नियम होते. पहिला, वहीत खाडाखोड करायची नाही. चूक लिहिली गेली तर ती तशीच ठेवायची, खाली नवी ओळ लिहायची आणि सही करायची. दुसरा नियम आम्हाला येडेपणाचा वाटायचा. जे दिसलं नाही ते 'दिसलं नाही' असं लिहायचं, त्याला पूर्ण मार्क.

केळ्याचा डीएनए काढायचं प्रॅक्टिकल होतं. केळं कुस्करायचं, त्यात मीठ आणि भांड्याचा साबण घालायचा, फडक्याने गाळायचं, आणि कडेकडेने थंडगार स्पिरिट ओतायचं. दोन थर जिथे मिळतात तिथे पांढरे धागे वर येतात. बाकी सगळ्यांच्या नळीत ते आले, माझ्या नळीत नुसता फेस. मी वहीत लिहिलं, 'पांढरे धागे स्पष्ट दिसले.' सरांनी वही बघितली, नळी बघितली, आणि दहापैकी शून्य दिलं.

"पोरा, फेस दिसला तं फेस लिहायचा. मी दहा देले असते. धागा कोनालेही दिसते. फेस दिसला असं लिहाले मानूस लागते."

मी ते शून्य घरी दाखवलं नाही. आज सांगतो, त्या दिवशी मला लाज नाही, राग आला होता.

आता कपाशी. बीटी कपाशीत बसवलेलं जनुक मातीतल्या एका जंतूचं असतं हे एव्हाना सगळ्यांना माहीत आहे. अळीने पान खाल्लं की तिच्या पोटात त्याचं विष होतं आणि ती मरते. माणसाच्या पोटात काही होत नाही, कारण आपलं पोट आंबट आणि अळीचं नेमकं उलट. हे पटवायला सर भर चौकात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, पानाचा कोपरा तोडून चावत. माझ्या दुकानाशेजारी फवारणीचे पंप दुरुस्त करणारे रशीदभाई बसतात, ते म्हणायचे, "सर, बस करो. पाला खाऊन खाऊन एक दिन दूध देनार तुमी."

सरांची खरी तळमळ मात्र पुडीची होती. त्या काळी बीटीच्या प्रत्येक पाकिटासोबत नॉनबीटी बियाण्याची एक लहान पुडी यायची. ती वावराच्या चारी बाजूंनी, धुऱ्यालगत म्हणजे बांधालगत, लावायची असते. कोणी लावत नसे. शेतकरी दुकानाच्या पायरीवरच पाकीट हाताने चाचपून नॉनबीटीची पुडी काढायचा आणि बाजूला फेकायचा. जूनमध्ये माझ्या पायरीशेजारी त्या पुड्यांचा ढीग लागायचा. मीही कधी कोणाला टोकलं नाही. गिऱ्हाइकाला शिकवायला बसलो असतो तर दुकान चाललं नसतं.

सर निवृत्त झाल्यावर दर जूनला सायकल घेऊन तो ढीग उचलायला यायचे. कापडी पिशवीत पुड्या भरायचे आणि लोकांच्या वावरांच्या धुऱ्यांवर स्वतःच्या हाताने ते बी लावायचे. एका बोटाने भोक, दोन दाणे, वर माती. ओळ संपली की रिकामी पुडी काडीला खोचून तिथे उभी करायची. त्यासाठी प्रत्येक शेतकऱ्याच्या ते अक्षरशः विनवण्या करत.

"आयका, गजाननभाऊ. आख्ख्या वावरात बीटी लावली तं कोनत्या अळ्या वाचतीन? ज्याईले बीटी पचते त्याच. मंग त्याईचं त्याईच्यातच लगन होईन आन् सगळी पोरं पचवनारी निघतीन. धुऱ्यावर साधी पऱ्हाटी असली तं तिथं साध्या अळ्या जगतीन. वावरातल्या पचवनाऱ्या अळीची सोयरीक या साध्या अळीसंगं झाली पाहिजे. मंग पोरं साधी निघतीन, बीटीनं मरतीन."

गजाननभाऊ म्हणजे मोठ्या वावराचा आणि मोठ्या आवाजाचा माणूस. ते पानाची पिचकारी टाकून म्हणायचे, "मास्तर, माह्या पोराची सोयरीक जमून नाही राह्यली. आन् तुमी अळ्याईची जमवून राह्यले."

सगळे हसायचे, सरही हसायचे. मग काडेपेटी उघडून दाखवायचे. "हे पाहा. बीटीच्या बोंडातून काढली हाये. शिकली ते. आता तरी लावू द्या." आणि अशा रीतीने, चेष्टा सोसून, त्यांनी सात वावरांच्या धुऱ्यांवर परवानगी मिळवली होती. सातच. त्याला त्यांची चार वर्षं गेली होती. त्यांच्याकडे ना खुर्ची होती, ना अधिकार. मास्तर येडा असेल पण खोटं बोलत नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्यांना त्या धुऱ्यांवर पाय ठेवू देत होते.

आणि आता माझं.

चोरबीटी हा शब्द आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. परवानगी नसलेलं कपाशीचं बियाणं. त्यात अळीच्या जनुकाबरोबर आणखी एक जनुक बसवलेलं असतं, त्यामुळे तणनाशक फवारलं तरी पऱ्हाटी मरत नाही, तण तेवढं जळतं. निंदणाला बाया मिळत नाहीत, म्हणून ते सगळ्यांना हवं. विकायला बंदी, म्हणून नाव चोर. मी ते विकत होतो. आजूबाजूचे विकत होते असं म्हणून बघितलं, पण ते काही कामाचं नाही. मी विकत होतो.

ते पोत्यातून सुटं यायचं. ठेवायचं कशात हा प्रश्न होता. मी डोकं चालवलं. पायरीवरच्या ढिगातल्या नॉनबीटीच्या पुड्या आणल्या, त्या एका बाजूने कापून रिकाम्या केल्या, त्यात चोरबीटी भरली आणि मेणबत्तीवर कड धरून पुन्हा बंद केल्या. जी पुडी शेतकरी बघत नाही, ती साहेब तरी कशाला उघडून बघणार? माझ्या हुशारीवर मी खूश होतो. त्या पुड्यांचा एक खोका काउंटरखाली असायचा.

सात-आठ वर्षांपूर्वीच्या जूनमधली गोष्ट. सकाळची दहाची वेळ. रशीदभाई पाना हातात घेऊन दारात आले आणि म्हणाले, "जीप आ रही है. पथक हाये." मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. मी खोका उचलला आणि पायरीशेजारच्या ढिगात सगळ्या पुड्या ओतून दिल्या. पुडीत पुडी मिसळली. खोका उलटा करून त्यावर बसलो.

कृषी खात्याचे दोन साहेब आले. त्यांनी पाकिटं बघितली, बिलं बघितली, गोदाम बघितलं. काही सापडलं नाही. एक साहेब चहा पीत पायरीवर उभे राहिले. आणि तेव्हाच सर सायकलवरून आले.

त्यांनी सायकल लावली, धोतर खोचून घेतलं आणि ढिगापाशी उकिडवे बसून पुड्या पिशवीत भरायला लागले. साहेबांनी मला विचारलं, "हे कोण?"

मी म्हणालो, "आमचे सर होते. नॉनबीटी गोळा करतात." आणि कानाजवळ बोट फिरवून हळूच म्हणालो, "जरा सरकलेले आहेत."

साहेब हसले. सरांनी तेवढ्यात मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा उजळला होता. "आज लय हायेत रे! एवढ्या तं कधी भेटल्या नाही."

मी तेव्हा म्हणू शकलो असतो, सर, आज राहू द्या. काहीही सांगून थांबवू शकलो असतो. पण साहेब उभे होते, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बरं झालं, पुरावा आपोआप चालला. मी म्हणालो, "न्या सर. सगळ्या न्या."

पिशवी जड झाली. साहेबांनी कप खाली ठेवला आणि सरांनी ती करिअरला बांधेपर्यंत सायकल धरली. "चांगलं काम करता हो तुम्ही," असंही म्हणाले. मी ते सगळं पायरीवरून बघत होतो.

जीप गेली. मी सरांच्या घरी जाऊन पिशवी मागून आणू शकलो असतो. घर पाच मिनिटांवर आहे. मी गेलो नाही. गिऱ्हाईक होतं, असं मी स्वतःला सांगितलं. गिऱ्हाईक होतंही. तिसऱ्या दिवशी सर दुकानात आले, नखांत माती होती. "झालं. सातही वावराईत दाट लावलं या वर्षी." मी म्हणालो, "बरं झालं, सर."

ऑगस्टमध्ये गजाननभाऊंच्या धुऱ्यावर गवत गुडघ्याला लागलं. त्यांनी तणनाशक मारलं. मास्तरची ओळ त्यात मेली तर मरू दे, असा त्यांचा हिशेब. आठ दिवसांनी धुरा जळून पिवळा झाला, आणि मधोमध सरांची ओळ जागोजागी हिरवीगार उभी. पातीवर, म्हणजे कळ्यांवर आलेली. ते बघून काय समजायचं, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही.

सगळ्यात आधी ते माझ्याच पायरीवर कळलं. "आरे, मास्तरनं तं चोरबीटी लावली! आमाले म्हने नॉनबीटी!" लोक हसत होते. मीही हसलो. हे लिहिताना हात अडतो, पण हसलो. मग हसणं थांबलं, कारण कोणीतरी म्हणालं, "आन् साहेबानं पाह्यली तं केस कोनावर? वावर तं आपलं हाये."

सर धुऱ्यावर आले तेव्हा पंधरा-वीस माणसं जमली होती. मी मागे उभा होतो. सरांनी एक पान तोडलं, काचेच्या नळीत चुरलं, थेंबभर पाणी टाकलं आणि तपासायची कागदी पट्टी बुडवली. अकोल्याच्या कोण्या जुन्या विद्यार्थ्याने त्यांना त्या पट्ट्या दिल्या होत्या. नॉनबीटी असेल तर एक रेघ यायला हवी. दोन आल्या. त्यांनी दुसऱ्या झाडाचं पान घेतलं. दोन. तिसऱ्या झाडाचं. दोन.

सर उठले. त्यांनी पट्टी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "हे बीटी हाये. तननाशकानं मेली नाही म्हंजे चोरबीटीच हाये. माह्या हातानं लावली. लावायच्या आधी मी तपासली नाही. चूक माही हाये."

"मास्तर," गजाननभाऊ म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, "तुमच्यावर इश्वास ठेवून पाय ठेवू देल्ला होता. आता या धुऱ्यावर येऊ नोका."

"एक डाव येऊ द्या. उपटाले."

दुसऱ्या दिवसापासून सर सात वावरांतली ती ओळ उपटायला लागले. पऱ्हाटीचं मूळ खोल जातं, दोन महिन्यांचं झाड म्हाताऱ्या हाताला सहज येत नाही. मी दुकान बंद करून गेलो. माझ्याने बसवेना, म्हणून गेलो. चार दिवस आम्ही दोघं उपटत होतो. त्यांच्या तळव्यांना फोड आले, फुटले. काकू डब्यासोबत हळद पाठवायच्या. सगळ्या गावातून दुसरं कोणी आलं नव्हतं.

"तू एकटा आला," सर म्हणाले. "बाकीच्या पोराईलेही मीच शिकवलं."

मला वाटलं, आता सांगावं. तोंड उघडलंही. पण ज्या माणसाने आत्ताच आपल्याला चांगलं म्हटलं, त्याच्यासमोर वाईट व्हायला फार मोठी छाती लागते, आणि माझ्याकडे ती नव्हती. मी पुढचं झाड उपटलं.

शेवटच्या धुऱ्यावर काम संपल्यावर त्यांनी काडीला खोचलेली रिकामी पुडी काढली. उन्हाकडे धरून तिची कड बघितली. कंपनीच्या पुडीच्या कडेला बारीक रेघा असतात. या पुडीला एका बाजूला तशी कड होती आणि दुसरी बाजू सपाट, काळपट, वितळलेली. ते बराच वेळ बघत होते. मग पुडीची घडी केली आणि काडेपेटीच्या खिशात ठेवली. मला काहीच विचारलं नाही.

धुऱ्यावर बसूनच त्यांनी वही काढली. कॉलेजच्या प्रॅक्टिकलसारखीच लिहायचे ते. काय केलं. काय दिसलं. काय चुकलं. सगळं लिहून झाल्यावर एक ओळ लिहिली, 'बियाणं कुठून आलं', आणि पुढची जागा कोरी ठेवून वही माझ्याकडे दिली.

"तू दुकानदार हाये. तुले काही दिसलं असन तं लिही."

मी पेन घेतलं. हात मातीने भरलेला होता. मी लिहिलं, 'दिसलं नाही.' खाली सही केली.

सरांनी वाचलं. डाव्या खिशातून लाल पेन काढलं आणि माझ्या सहीशेजारी लिहिलं, दहापैकी दहा. "नेम म्हंजे नेम," ते म्हणाले, आणि वही मिटली.

त्यानंतर सरांना कोणी धुऱ्यावर येऊ दिलं नाही. चार वर्षांत जमवलेली सात वावरं एका पावसाळ्यात गेली. पुढे नॉनबीटीचं बी मुख्य पाकिटातच मिसळून यायला लागलं, पुड्या बंद झाल्या, ढीग बंद झाला. मी चोरबीटी सोडली, पण त्याचं पुण्य मला नको. देणारा माणूस यायचा बंद झाला म्हणून सुटली. आणि सरांच्या गमतीच्या गोष्टी मी त्यानंतरच जास्त सांगायला लागलो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. काडेपेटी, खिडकी, कुकरातलं गाजर. ज्याला लोक हसतात त्याचं कोणी मनावर घेत नाही, आणि मला तेच सोयीचं होतं.

आता सरांचे डोळे गेले आहेत. काचबिंदू. शेवटी शेवटी उजेड-अंधार तेवढा कळायचा, आता तोही नाही. जो भेटायला येईल त्याला ते आपल्या जुन्या वह्या वाचायला लावतात. मी जायचं टाळत होतो. गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला, "तुही आठवन काढून राह्यले. ये रे बाप्पा." गेलो.

सर खाटेवर बसले होते. दोन खिशांचाच शर्ट. त्यांनी चाचपून वही दिली आणि मी वाचायला लागलो. काही पानांनंतर ते पान आलं. मी दोन पानं एकदम उलटली.

"मधलं राह्यलं," सर म्हणाले. त्यांना सगळ्या वह्या पाठ होत्या.

मी मागे आलो. वाचलं. सात वावरांची नावं, किती झाडं उपटली, पट्टीवर काय दिसलं. "बियाणं कुठून आलं," एवढं वाचून थांबलो.

"पुढे?"

"दिसलं नाही."

"अक्षर कोनाचं हाये?"

"माझं, सर."

"मार्क?"

"दहापैकी दहा."

आत काकूंच्या कुकरची शिट्टी झाली. मी खिशातून पेन काढलं आणि त्या ओळीच्या खाली लिहायला लागलो. कागदावर पेन घासल्याचा आवाज त्यांना ऐकू गेला.

"काय लिहून राह्यला?"

"दुरुस्ती, सर."

"खाडाखोड तं नाही केली?"

"नाही. खाली लिहिलं."

"वाच."

मी वाचलं. "बियाणं माझ्या दुकानातलं. पुड्या मी भरल्या. पथक आलं म्हणून मी त्या ढिगात टाकल्या. सर त्या पिशवीत भरत होते तेव्हा मी बघत होतो. मी म्हणालो, सगळ्या न्या."

सर मान खाली घालून ऐकत होते, परीक्षेच्या तोंडीला ऐकायचे तसे. मग म्हणाले, "सही?"

"केली."

"आजची तारीख टाक. जुनी नोको."

मी तारीख टाकली. सरांनी डाव्या खिशातून लाल पेन काढलं आणि माझ्या दिशेने, जरा चुकीच्या बाजूला, पुढे धरलं.

"घे. मार्क तूच देऊन टाक. मले आता दिसत नाही."

मी पेन घेतलं आणि वही तशीच घरी घेऊन आलो. आज महिना होत आला. वही दुकानात काउंटरवर उघडी आहे, पेन तिच्यावर आहे. गिऱ्हाईक विचारतं, हे काय. मी सांगतो. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा रशीदभाई उठून आत गेले आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. गजाननभाऊंना मी त्यांच्या वावरात जाऊन सांगून आलो, अजून सहा वावरं राहिली आहेत. मार्काची जागा कोरीच आहे.